पुस्तकांची यादी लावताना : वर्णमाला कोणाची, मुलांची की मशीनची?



आपल्यापैकी अनेकांच्या घरी थोडाफार पुस्तकसंग्रह असतो, आणि हल्ली त्याची यादी मोबाईलवर ठेवायची सोयही झाली आहे. मी माझ्या घरच्या पुस्तकांची अशी ऑनलाइन यादी केली. लिंक वर्गाच्या पालक ग्रुपवर टाकली. मुलांनी यादी बघायची, पुस्तक निवडायचं, मी दुसऱ्या दिवशी शाळेत आणायचं, अशी साधी पद्धत. पण चौथीतल्या एका मुलीने दोनदा येऊन सांगितलं, "मॅडम, ज्ञानेश्वरीच्या गोष्टींचं पुस्तक नाहीच यादीत." पुस्तक घरी होतं, यादीतही होतं. मग ते तिला दिसलं का नाही?

कारण ती शोधत होती शेवटी. आपणच तिला पहिलीपासून शिकवलंय की ह, ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. यादीत मात्र ते नाव ज च्या गटात, झ च्या थोडं आधी बसलेलं होतं.

असं का होतं?

संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला क्रमांक दिसतो. युनिकोडमध्ये क चा क्रमांक २३२५, ल चा २३५४ आणि ह चा २३६१ आहे. बरीच साधी ॲप या क्रमांकानुसारच यादी लावतात. ज्ञ ला स्वतंत्र क्रमांकच नाही. तो ज, हलन्त चिन्ह आणि ञ असा तीन तुकड्यांत साठवला जातो. म्हणून तो ज मध्ये जातो, तसाच क्ष हा क मध्ये जातो. व्याकरणाने ते चूक नाही, कारण दोन्ही जोडाक्षरंच आहेत. पण मूल व्याकरणाने शोधत नाही, भिंतीवरच्या तक्त्याने शोधतं.

ळ ची गंमत वेगळी. ळ ने आपल्याकडे शब्द सुरू होत नाही, पण आडनावांत तो भरपूर आहे. त्याचा क्रमांक २३५५, म्हणजे ल ला लागून. त्यामुळे लेखकांच्या यादीत काळे हे काशीकर आणि कासार यांच्या आधी येतात. आपल्या वर्णमालेप्रमाणे ते नंतर यायला हवेत.

सगळ्यात जास्त त्रास ॲ चा. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातल्या वर्णमालेत ॲ आणि ऑ स्वर म्हणून आहेत. युनिकोडमध्ये मात्र ॲ चा क्रमांक २४१८, म्हणजे ह च्याही पुढे, मराठी अंकांच्याही पुढे. त्यात काही जण अ वर चंद्र देऊन तेच अक्षर टाईप करतात. स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात, पण एक नाव पहिल्या पानावर आणि दुसरं शेवटच्या!

दिसायचं नाव वेगळं, लावायचं नाव वेगळं

यावर मला उपयोगी पडलेला उपाय म्हणजे यादीत दोन जादा रकाने.

पहिला रकाना 'अक्षर क्रमांक'. वर्णमालेच्या तक्त्यावर पहिलं अक्षर कितवं आहे ते मोजायचं आणि लिहायचं. अ ला ०१, आ ला ०२, असं करत ज्ञ सगळ्यात शेवटी. हे काम मुलांनीच केलं आणि वर्णमालेची उजळणी आपोआप झाली. एक मात्र पाळायचं, १ न लिहिता ०१ लिहायचं. कारण यादी अंक मजकूर म्हणून वाचत असेल तर १ नंतर १०, ११ येतात आणि २ मागे पडतो. धुळ्याशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या इतिहासाचार्य राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथाचे २२ खंड आहेत. ते नुसत्या आकड्यांनी लावले तर खंड १ नंतर थेट खंड १० येईल, आणि खंड २ दिसेल तो खंड १९ च्या नंतर.

दुसरा रकाना 'लावायचं नाव'. आपल्या पुस्तकांच्या नावांत संत, श्री, डॉ., छत्रपती हे शब्द आधी येतात. मग सगळे संत स मध्ये गर्दी करतात आणि तुकाराम त मध्ये सापडत नाहीत. दिसायला 'संत तुकाराम' असंच राहू द्यायचं, लावायला फक्त 'तुकाराम'.

लेखकांचंही तेच. 'पु. ल. देशपांडे', 'पु.ल.देशपांडे' आणि 'पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे' हे यादीच्या दृष्टीने तीन माणसं होतात. एकच रूप ठरवून घ्या. टोपणनावांचाही विचार करा. धरणगावचे बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, अंमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. ग्रंथालयाच्या शिस्तीत बहिणाबाई या 'चौधरी, बहिणाबाई' होतात, पण आसोद्याच्या बहिणाबाईंना आपल्या जळगाव-धुळ्याचं कोणतं मूल च मध्ये शोधेल? मी त्यांना ब मध्येच ठेवलं आहे.

काय दाखवायचं, काय लपवायचं

किंमत, खरेदीची तारीख, प्रकाशक ही माहिती माझ्या कामाची आहे, मुलांच्या नाही. ती लपवली. मुखपृष्ठाचा फोटो, नाव, पानांची संख्या, भाषा आणि पुस्तक सध्या घरी आहे का, एवढंच ठेवलं. दुसरीतलं मूल फोटो बघून निवडतं, चौथीतलं पानं बघून. भाषेच्या रकान्यात 'अहिराणी' वेगळं लिहिलं. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला आपल्या भाषेचं नाव छापलेलं दिसलं की ते तिथेच थांबतं, हे मी पाहिलंय. मोबाईलच्या अरुंद स्क्रीनवर लांब नावं अर्ध्यात तुटतात, म्हणून 'छत्रपती शिवाजी महाराज' ने सुरू होणाऱ्या पुस्तकांना फोटो सगळ्यात आधी लावा, नाहीतर सगळी सारखीच दिसतात.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यातलं चौथं. प्राथमिक शाळेत मी त्याचा अर्थ जरा पुढे नेते. मोठ्या माणसाला पुस्तक सापडलं नाही तर ते विचारतं. लहान मूल "नाहीच" म्हणून घरी जातं, आणि दोनदा असं झालं की यादी उघडणंच सोडतं. त्या मुलीने तिसऱ्यांदा विचारलं नसतं.

तुमच्या घरची किंवा वर्गाची यादी असेल तर एवढं करून बघा. एखाद्या मुलाच्या हातात मोबाईल द्या, ज्ञ चं एक पुस्तक आणि संतांचं एक पुस्तक शोधायला सांगा आणि शेजारी गप्प बसा. ते बोट कुठे नेतं ते बघा. यादी तिथूनच सुधारायला घ्या.