पिशवीलाही मान असते!

परवापर्यंत पिशवी म्हणजे माझ्या लेखी नुसती पिशवी होती. उधव्याच्या बाजारात मिरच्या घेतल्या आणि चार पावलांवर पिशवी टर्रकन फाटली. फाटली तीही उभी, बंदापासून थेट तळापर्यंत. (महाराष्ट्रातली प्लास्टिक पिशव्यांवरची बंदी २०१८ची आहे, मला ठाऊक आहे, बाजाराला नाही.) ‘हलका माल!’ असं म्हणून मी मिरच्या वेचायला बसलो. शेजारचा पोरगा सिल्वाशाकडे पिशव्यांच्या कारखान्यात मशीनवर असतो. तो तुकडा चोळून म्हणाला, ‘‘काका, दाणा बरा आहे. मान आखूड राहिली असेल.’’

पिशवीला मान? दुसऱ्याच दिवशी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून राज्याची हद्द ओलांडली.

आणि काय पाहिलं! जमिनीपासून पार छपरापर्यंत गेलेला, नुसत्या हवेवर उभा प्लास्टिकचा फुगा! दाणे दोनशे अंशांच्या आसपास तापून वितळतात, गोल फटीतून नळीसारखे बाहेर पडतात, आत हवा भरते आणि वरचे रोलर ती नळी चपटी करून ओढत राहतात. कुरकुरणाऱ्या पिशवीच्या, म्हणजे ‘एचएम’च्या फुग्याला खरंच मान असते! फटीच्या व्यासाच्या सात-आठ पट उंची तो सडपातळ चढतो आणि मग एकदम चौपट फुगतो. उलटी धरलेली सुरईच!

का? वर ओढताना प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या उभ्या लागतात, आणि मग ते बांबूसारखं उभं चिरतं. लांब मानेत त्या ओढलेल्या साखळ्यांना सैल व्हायला वेळ मिळतो. नंतरच्या फुगण्यात त्या आडव्याही ताणल्या जातात. मान आखूड असली की फुगा गरम असतानाच फुगतो, आडवा ताण जिरून जातो, उभा तेवढा उरतो. माझ्या मिरच्या त्या उभ्या ताणाने सांडल्या होत्या!

शेजारच्या मशीनवर मऊ ‘एलडी’चा आखूड मानेचा फुगा होता. खाली काचेसारखा, वर धुकट, मधे एक स्पष्ट रेघ. तिथे रस गोठतो आणि बारीक स्फटिक धरतात, धुकं त्यांचंच. पोराने गार हवेचा पंखा जरा कमी केला आणि रेघ माझ्या डोळ्यांदेखत वर सरकली! गोठायला वेळ जास्त, स्फटिक मोठे. दाणा तोच, मशीन तेच, बदलली ती फक्त हवा. हाच रस थंड रोलरवर पातळ ओतला, तर स्फटिकांना वाढायला सवडच मिळत नाही आणि कागद आरपार दिसतो.

परतताना टपरीवर चहाबरोबर बिस्किटं घेतली. त्यांचा चकचकीत कागद बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, उभा पाचेक पट आणि आडवा आठ-नऊ पट ताणलेला. म्हणूनच तो सहजी फाटत नाही, पण एकदा चीर पडली की सरसर जातो. पुढचा पुडा फोडाल तेव्हा त्याची कडा बघा. ते करवतीसारखे दाते त्या पहिल्या चिरेसाठी ठेवलेले असतात.