भिन्नमताची किंमत

‘एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला’ या प्रकरणातील 28 एप्रिल 1976 च्या निकालाची चर्चा निघाली की न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांच्या धैर्याचा गौरव होतो. तो योग्यच असला, तरी ते धैर्य कोणत्या रूपात प्रकटले, हे गौरवाच्या भरात फारसे तपासले जात नाही.

आणीबाणी 25 जून 1975 रोजी पुकारली गेली आणि दोनच दिवसांनी निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद 14, 21 व 22 यांखालील हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याची मुभा स्थगित झाली. खटल्याविना स्थानबद्ध करण्याची सोय असलेल्या ‘मिसा’ या 1971 च्या कायद्याखाली पकडलेल्यांना अशा वेळी बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज, म्हणजे अटकेचा कायदेशीर आधार न्यायालयाला दाखवण्याची मागणी, करता येते का, हा पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढील प्रश्न होता. वैयक्तिक वैरापोटी पोलिसाने एखाद्याचा जीव घेतला तरी दाद मिळणार नाही का, असे खन्नांनी विचारले, तेव्हा महान्यायवादी निरेन डे यांनी आणीबाणी असेपर्यंत न्यायालयीन उपाय नाही, असे उत्तर दिले.

चौघा न्यायमूर्तींनी सरकारची बाजू मान्य केली; स्थानबद्धांची काळजी जणू मातेच्या ममतेने घेतली जाते, अशा आशयाचा निर्वाळाही न्यायमूर्ती बेग यांनी दिला, ज्याची त्या कायदेशीर प्रश्नाला काहीच गरज नव्हती. खन्नांचे भिन्नमत, म्हणजे बहुमताशी असहमत न्यायमूर्तीचे स्वतंत्र निकालपत्र, मात्र काटेकोर युक्तिवादावर उभे आहे: जीवित व स्वातंत्र्य ही केवळ अनुच्छेद 21 ची देणगी नाही, कायद्याच्या आधाराविना कोणालाही त्यांपासून वंचित करता येत नाही हे तत्त्व संविधानापूर्वीही होते, आणि मूलभूत हक्काची अंमलबजावणी थांबल्यामुळे ‘मिसा’च्याच अटी पाळण्यातून अधिकारी मुक्त होत नाहीत. संतापाला वाव असताना त्यांनी कायद्याची शिस्त सोडली नाही, आणि त्यांच्या धैर्याचा खरा कस तेथेच लागला.

त्याची किंमत त्यांना आधीच ठाऊक असणार, कारण 1973 मध्ये शेलाट, हेगडे व ग्रोवर या तिघांची सेवाज्येष्ठता डावलून न्यायमूर्ती राय यांना सरन्यायाधीश केले गेले होते. राय यांच्यानंतर ज्येष्ठतेने खन्नांचा क्रम होता. जानेवारी 1977 मध्ये ते पद बेग यांना दिले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

तथापि केवळ त्यांचीच कथा सांगणे अन्यायाचे ठरते. सर्वोच्च न्यायालयाने फिरवलेले निकाल नऊ उच्च न्यायालयांचे होते. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेचे प्रकरण ऐकणाऱ्या दिल्लीच्या दोन न्यायमूर्तींपैकी रंगराजन यांची गुवाहाटीला बदली झाली, तर अग्रवाल यांना पुन्हा सत्र न्यायालयात पाठवले गेले. सरन्यायाधीशपद हुकण्याची निदान बातमी होते, बदलीची तीही होत नाही.

पुढे 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 20 व 21 आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, असे ठरवले, आणि 2017 मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात जबलपूरचा निकाल औपचारिकरीत्या रद्दबातल ठरला. खन्नांचे भिन्नमत अभ्यासणाऱ्या विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्या नऊ निकालांपैकी निदान एक तरी मुळातून वाचावा.