अण्णांची डॉल्बी

आमच्या बारामती-इंदापूरकडे 'डॉल्बी' म्हणजे काय, हे शाळकरी पोरालाही विचारा. वरातीत नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, जिच्यापुढून जाताना बरगड्या थरथरतात आणि दुकानांची शटरं खडखडतात, ती डॉल्बी. गंमत अशी की रे डॉल्बी नावाच्या ज्या माणसाचं हे आडनाव, त्यानं नाव कमावलं ते गोंगाट कमी करण्यात. १९६३ ते १९६५ हा गृहस्थ युनेस्कोचा सल्लागार म्हणून आपल्याच देशात, चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत होता. तिथून लंडनला जाऊन १९६५ साली त्यानं कंपनी काढली, आणि टेपवर रेकॉर्डिंगच्या मागे जी 'स्स्स' अशी खरखर यायची ती दाबायची युक्ती बाजारात आणली. जुन्या कॅसेट डेकवर 'डॉल्बी एनआर' असं बटण असायचं, ते हेच. बिचारा २०१३ साली वारला. आपल्या वराती त्यानं ऐकल्या नसाव्यात, हे बरंच झालं :)

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे, गेल्या दिवाळीनंतर मी इंदापूरच्या घरी अण्णांच्या झोपायच्या खोलीत एक छोटंसं होम थिएटर बसवलं. आत्या आणि मावशी फोनवर विचारत होत्या, "एवढा काय सिनेमाचा नाद लागला रे त्यांना या वयात?" तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

अण्णा साखर कारखान्यात फिटर होते. चौतीस गळीत हंगाम मिल हाऊसमध्ये काढले. ज्यांनी चालू कारखाना आतून पाहिलाय त्यांना सांगायला नको. उसाचे तुकडे करणारी यंत्रं, टर्बाइन, वाफ सुटल्याचा आवाज... दोन माणसं शेजारी उभी राहून खुणांनी बोलतात. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण त्या काळी कानात घालायचे बोळे कोण वापरत होतं? अशा आवाजानं कान एकदम बंद पडत नाहीत. कानाच्या आत शंखासारखा जो भाग असतो, त्यातल्या बारीक केसांसारख्या पेशी मरत जातात, आणि पहिल्यांदा मरतात त्या साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज टिपणाऱ्या. मेलेल्या पेशी परत उगवत नाहीत.

याचा घरातला अर्थ फार विचित्र असतो. आपल्या बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, हे खालच्या पट्टीत असतात आणि त्यात जोर असतो. पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे. स, श, फ, थ, ख, च ही मंडळी वरच्या पट्टीत राहतात आणि मुळातच दुबळी असतात. त्यामुळे अण्णांना आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. म्हणूनच "मला काय बहिरा समजता काय?" हा त्यांचा राग खराच असतो. आपण मोठ्यानं ओरडतो तेव्हा फक्त स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथंच राहतात. वर आपला चेहरा रागावल्यासारखा दिसतो तो वेगळाच.

बारामतीच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला होता. डावीकडे बरा, उजवीकडे उसाचा ट्रक घाटातून उतरावा तशी रेघ खाली. श्रवणयंत्रही घेतलं. पण अण्णांनी ते आठ दिवस वापरलं आणि कपाटात ठेवून दिलं. स्वयंपाकघरात ताट पडलं की डोक्यात घण घातल्यासारखं होतं, म्हणाले. यालाही कारण आहे. अशा कानांना बारीक आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र आपल्याइतकाच, कधीकधी जास्तच बोचतो. ऐकू येणं आणि सहन होणं यांच्यातली जागाच चिंचोळी झालेली असते.

मग अण्णा हळूहळू त्यांच्या खोलीत गेले. म्हणजे राहायला तिथंच होते, पण आता उठून बाहेर येईनात. टीव्ही शेवटच्या टोकापर्यंत मोठा. दादा-वहिनींची खोली शेजारी, आणि वहिनी पहाटे पाचला उठणारी. कुणी काही विचारलं की अण्णा "हं, हं" करून मान हलवायचे. मागच्या हंगामात ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा यावर दादानं त्यांना विचारलं, त्यांनी मान हलवली, आणि टोळी फडात उतरल्यावर म्हणाले, "मला कुणी इच्यारलंच न्हाई." आठ दिवस घरात धुसफूस. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीनं २०१७ साली आणि पुन्हा २०२० साली म्हातारपणीच्या विसरभोळेपणाची जी टाळता येण्यासारखी कारणं दिली, त्यात कमी ऐकू येणं हे एक ठळक कारण आहे. हे वाचल्यापासून त्या "हं, हं"ची मला भीती वाटायला लागली होती.

दादानं त्याच्या परीनं उपाय केला होता. एका प्रदर्शनातून 'दोन हजार वॉट'चं होम थिएटर आणलं होतं. अण्णांचा अभिप्राय : "नुसतं धडाम धडाम ऐकू येतंय. बोलत्यात काय ते कळंना." आता या दोन हजार वॉटची गोष्ट. खोक्यावर जे पीएमपीओ लिहिलेलं असतं त्याला कसलंच प्रमाण नसतं, छापणारा मनाला येईल तो आकडा छापतो. त्याच खोक्याच्या मागची पट्टी वाचली तर लिहिलं होतं, वीज लागते ४५ वॉट. पंचेचाळीस आत घेऊन दोन हजार बाहेर काढणारं यंत्र निघालं तर महावितरणच बंद करावी लागेल! आरएमएस हा आकडा पाहावा, आणि तोही फार मोठा लागत नाही. साधारण स्पीकर एका वॉटमध्ये एक मीटरवर ८५ ते ८८ डेसिबल आवाज देतो. आपलं साधं बोलणं असतं ६० च्या आसपास. झोपायच्या खोलीत एखाद-दुसरा वॉट म्हणजे पुष्कळ झालं.

दुसरी अडचण खोलीची. अण्णांची खोली दहा बाय दहा, आणि स्लॅबही दहा फुटांवर. म्हणजे अगदी चौकोनी डबा. आवाजाच्या दृष्टीनं याहून वाईट आकार नाही. समोरासमोरच्या भिंतींत लाट अडकून घुमते, आणि तिन्ही मापं सारखी असली की तिन्ही दिशांनी एकच सूर घुमतो. दहा फुटांना तो साधारण ५६ हर्ट्झ येतो. त्या दोन हजार वॉटवाल्याचा सबवूफर नेमका तिथंच घुमत होता आणि आधीच दुबळी असलेली व्यंजनं त्याखाली गाडली जात होती. त्यामुळे मी ठरवलं, सबवूफर घ्यायचाच नाही. "बिगर वूफरचं होम थिएटर?" म्हणून दादा हसला. हसू दे.

तिसरी गोष्ट टीव्हीची. जुन्या डबा टीव्हीचे स्पीकर समोर तोंड करून असायचे. आताचे टीव्ही पातळ झाले, तेव्हा स्पीकर गेले खाली नाहीतर मागे. आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. चांगल्या कानांनाही संवाद कळत नाहीत म्हणून जगभर लोक खाली अक्षरं लावून सिनेमे बघायला लागलेत ते काय उगीच नाही.

तर शोधायचं होतं ते असं : समोरून, तोंडाकडे रोखलेला, स्वच्छ बोलणारा एक मधला स्पीकर. होम थिएटरमध्ये 'सेंटर' म्हणतात तो. सिनेमात बहुतेक सगळं बोलणं त्यातूनच येतं. साध्या दोन स्पीकरच्या आवाजातूनही तो वेगळा काढता येतो. निवेदकाचा आवाज डावीकडे-उजवीकडे सारखाच असतो, जुन्या रिसीव्हरमधलं 'प्रोलॉजिक' नेमकं ते सारखं असलेलं ओळखून मधल्या स्पीकरकडे पाठवतं. आणि मग त्या एकट्याचा आवाज वाढवता येतो! माझ्या दृष्टीनं सगळा खेळ इथं होता. संगीत, टाळ्या, ढिशुम ढिशुम आहे तिथंच ठेवायचं आणि बोलणाऱ्या माणसाला तेवढं पुढे बोलवायचं.

खर्चाचं म्हणाल तर आम्हा दोघा भावांत पंधरा हजारांची हद्द ठरली होती. पुण्यात एक जण परदेशी निघाला होता, त्याच्याकडून जुना रिसीव्हर ५५०० ला घेतला. दोन छोटे स्पीकर २८०० ला आणि सेंटर १८०० ला, दोन्ही वापरलेले, पण तासभर बसून, ओळखीच्या माणसाचं कीर्तन लावून ऐकून घेतले. (स्पीकर घेताना धडामधुडूम गाणं लावू नका, माणसाचं बोलणं लावा. कान फसत नाही.) वायर आणि ऑप्टिकल केबल तपकीर गल्लीतून, ८५०. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगल करून घेतले, ५००. घराला अर्थिंग धड नव्हतं, त्यामुळे स्पीकरमध्ये सारखा 'हूंऽऽ' येत राहिला असता. वायरमनला बोलावून परसात खड्डा घेतला, मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं, ११००. एकूण १२,५५०. आणि ट्रंकेतली आजीची दोन घोंगडी, फुकट.

घोंगडी कशाला? फरशी गुळगुळीत, भिंती गुळगुळीत, स्लॅब उघडा. टाळी वाजवली की खोलीत 'टर्रर्र' असा प्रतिध्वनी यायचा. एका शब्दाची शेपटी संपायच्या आत दुसरा शब्द येऊन पडतो आणि दोन्ही कळत नाहीत. वरच्या पट्टीतला आवाज शोषायला जाड लोकर फार चांगली. शहरात त्यासाठी हजारो रुपयांचे फोमचे तक्ते विकतात. आम्ही एक घोंगडं पलंगामागच्या भिंतीवर बोटभर अंतर सोडून टांगलं, दुसरं फरशीवर. वहिनी म्हणाली, "खोली की धनगराचा वाडा?" पण टाळी मात्र थांबली.

सेंटर टीव्हीच्या खाली बसवला, बसल्यावर अण्णांच्या कानाच्या उंचीला, तोंड त्यांच्याकडे करून. वरच्या पट्टीचा आवाज टॉर्चसारखा असतो, रोखलेला असेल तिथंच नीट पडतो. मग बास सहा घरं खाली, ट्रेबल चार घरं वर, सेंटर पाच डेसिबल वर. मला स्वतःला तो आवाज कर्कश वाटला. अण्णांना नव्हे. आणि खोली त्यांची आहे.

आता खरं सांगायचं ते. मी लावली होती वारीची चित्रफीत. तुकोबांची पालखी आमच्याच वाटेनं जाते. बारामती, मग काटेवाडीला धोतराच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, आणि पुढे सराटीला नीरेत पादुकांचं स्नान. अण्णांनी इंदापूरचं रिंगण धडधाकट असेपर्यंत कधी चुकवलं नाही. आता गुडघ्यामुळे उभं राहवत नाही, म्हणून टीव्हीवर बघतात. बघता बघता ते एकदम म्हणाले, "टाळ वाजत्यात की रं."

मला आधी कळेना. टाळ तर नेहमीच वाजतात. मग लक्षात आलं. पखवाजाचा घुमारा खालच्या पट्टीतला, तो त्यांना ऐकू येत होता. टाळांची किणकिण मात्र वरची. कितीतरी आषाढी त्यांनी बिनटाळांची वारी पाहिली होती आणि आम्हाला कुणालाच, त्यांनासुद्धा, ते माहीत नव्हतं. गेलेली गोष्ट गेली हेसुद्धा ज्याला कळत नाही, त्यानं तक्रार तरी कशाची करायची?

फार चमत्कार झालाय असं समजू नका. मेलेल्या पेशी मेलेल्याच आहेत. खूप भरभर बोलणाऱ्या बातम्या अजूनही कळत नाहीत, आणि दोघं जण एकदम भांडायला लागले की अण्णा चॅनेल बदलतात. श्रवणयंत्राला हा पर्याय नव्हेच. ते पुन्हा नीट जुळवून घ्यायला हवं, मोठ्या आवाजाला त्यात लगाम घालता येतो असं डॉक्टर म्हणतात, आणि अण्णा "बघू" म्हणालेत. पूर्वी "नको" म्हणायचे. टीव्हीचा आवाज आता अंगणात येत नाही, वहिनीची झोप होते. संध्याकाळी कीर्तन लागलं की दादाची पोरगी आजोबांच्या पलंगावर जाऊन बसते. महाराज काय म्हणाले यावर त्यांचा वाद होतो, आणि हल्ली वादात "हं, हं" नसतं.

पुढच्या रविवारी मी बारामतीहून गेलो तेव्हा त्यांच्याशी बोलताना नेहमीसारखा मोबाइलमध्ये डोकं घालून काहीतरी विचारत होतो. अण्णा म्हणाले, "त्या मधल्या डब्यागत बोल. तोंडाम्होरं, सावकाश." बारा हजार साडेपाचशेत जे साधलं नाही ते याला फुकट साधतं. समोर बसायचं, चेहरा उजेडात ठेवायचा, आणि ओरडायचं नाही.

तुमच्याकडेही कुणी आत जाऊन बसलेलं असेल तर बघा करून. घोंगडं नसेल तर गोधडी चालते.