गाडी चढावर दम टाकते तेव्हा

पोलादपूरला गॅरेज म्हटलं की एक तक्रार ठरलेली. "दादा, सपाटीला गाडी मस्त पळते, पण आंबेनळी घाट लागला की ओढतच नाही." अशा गाडीचं बोनेट मी लगेच उघडत नाही. जागेवर कितीही रेस केली तरी इंजिनवर भार येत नाही, आणि हे दुखणं भाराखालीच बोलतं. मालकाला शेजारी बसवायचं आणि घाटाला लागायचं.

चढावर आरपीएमचा काटा वर जातोय, पण वेग वाढत नाही? मग क्लच घसरतोय; जळका वास आला की खात्रीच. काटाच अडला आणि गाडी झटके देऊ लागली, तर आधी इंधनाचा फिल्टर आणि पंप बघावा. झटके नाहीत, गाडी नुसती जड झालीय, तर हवेची वाट तपासायची, आत येणारी आणि सायलेन्सरकडे जाणारीही.

गेल्या पावसाळ्यात एक टर्बो डिझेल आली. मालकाला दुसरीकडे चारही इंजेक्टर बदलायला सांगितलं होतं. मला हे पटत नाही. पार्ट बदलत बदलत दोष शोधणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशातून केलेला अंदाज. तिसऱ्या गियरमध्ये चढावर दाबली तर मागे काळा धूर आणि बोनेटखालून फुस्स असा आवाज. खाली येऊन टर्बोच्या रबरी पाइपवरून हात फिरवला. वळणाच्या खालच्या अंगाला तेलकट धूळ चिकटली होती. ती पुसून अंगठ्याने पाइप वाकवला, तेव्हा नखाएवढी चीर उघडली. सोडला की मिटली. टर्बोचा दाब चढला की ती उघडायची, हवा बाहेर जायची आणि डिझेल अर्धवट जळायचं.

नवा पाइप चढवण्याआधी दोन्ही तोंडं तेल पुसून कोरडी करावी लागतात, नाहीतर दाबाखाली तो निसटतो.

काही वेळा मात्र बिघाड नसतोच. घाटमाथ्यावरचं महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा पोलादपूरपेक्षा दहा-बारा टक्के विरळ, आणि टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनाची ताकद साधारण तेवढीच घटते. चार माणसं, सामान आणि एसी असेल तर ते लगेच जाणवतं. अशांना मी एसी बंद करून, गियर वेळेवर उतरवून जायला सांगतो. हवेचा फिल्टर स्वच्छ निघाला तर तोच परत बसवून देतो.