प्रोसेसर पाहावा घेऊन

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्यांनी कॉम्प्युटरचा प्रोसेसर घेऊन पाहिला नव्हता. मला घरच्या घरी आईच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या होत्या. दुकानदार म्हणाला, "साहेब, सोळा कोअरचा घ्या." सोळा! आमच्या शाखेत माणसं सात, आणि काम करणारा एक.

भाचा म्हणाला, "मामा, एका गळ्याला सोळा हमाल कशाला? थोडेच घ्या, पण चपळ." सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने येतात. ते २५६ चा गठ्ठा होऊन पुढे सरकतात. एका गठ्ठ्याला सुमारे ६ मिलिसेकंद. तेवढ्यात आधीचा निकालात निघाला नाही, तर आवाज तुटतो. गठ्ठा मोठा बांधला, तर आवाज कानी उशिरा पोचतो. थोडक्यात, आमचा क्लिअरिंगचा काउंटर!

शेवटी सहा कोअरचा, थंड डोक्याचा घेतला. तापट असला की पंखा घोंघावतो आणि माइक तेही इमानाने टिपतो.

या चौकशीत चार महिने गेले. आई माइकपुढे बसली आणि म्हणाली, "तू यंत्र शोधत होतास, तोवर माझ्या पाच ओव्या विसरल्या रे."

प्रोसेसरने मिलिसेकंदाचाही उशीर केला नाही. केला तो मी.