रोटी आणि बोटी

आमच्या दखनीत शिजवलेल्या भाताला ‘खाना’ म्हणतात. बगारा खाना, मीठा खाना, सादा खाना. आणि जेवण झाले का, असे विचारायचे असेल तर ‘रोटी खाए क्या?’ असे विचारतात. म्हणजे भात हाच खाना आणि भाकरी हीच रोटी. उरलेले सगळे सालन, रोटीला लावण्यापुरते. अशा बोलीत वाढलेल्या माणसाला डॉक्टर सांगतात, “भात बंद करा, भाकरी-चपाती कमी करा.” त्याला ऐकू येते ते एवढेच, की जेवण बंद करा.

आम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवतो. (जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले. आमच्या सासूबाईंच्या तोंडी अजून उस्मानाबादच येते. त्यात राजकारण काही नाही, जिभेची सवय आहे.) शिकवणे उर्दूत, लिहिणे मराठीत आणि भूक लागली की दखनीत, असा आमचा कारभार. वय ३६, उंची पाच फूट एक इंच, वजन मागच्या वर्षी ७६ किलो. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी नावाची तपासणी केली, तर आकडा ६.१ आला. ५.७ च्या आत असला तर ठीक, ६.५ झाला की मधुमेह. “उंबरठ्यावर आहात, मॅडम,” डॉक्टर म्हणाले. अम्मीला पंधरा वर्षांपासून शुगर आहे. तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम सहा महिने भरत नव्हती. शाळा सुटली की भावाच्या घरी जाऊन तिचे ड्रेसिंग आम्हीच करत होतो. त्यामुळे या उंबरठ्याच्या आत काय आहे, हे आम्हाला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

वजन घटवण्याचा विषय आमच्या भागाला नवा नाही. १९८२ पर्यंत लातूर आमच्याच जिल्ह्यात होते. त्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची जेवणाची पद्धत २०१८ च्या सुमारास गावोगाव पोचली. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. दिवसातून दोनदाच जेवायचे, एक जेवण ५५ मिनिटांच्या आत उरकायचे, मध्ये तोंडात काही टाकायचे नाही. कारण खाल्ले की इन्सुलिन स्रवते, आणि ते वाढलेले असेपर्यंत शरीर साठवलेल्या चरबीला हात लावत नाही. शिवाय गोड कमी, प्रथिने जास्त आणि रोजचे चालणे. दुसरीकडे मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या की आजी खात होती तेच खा, भात-तुपाला घाबरू नका. आमच्या स्टाफरूममध्येही दोन पक्ष पडले. एक सर म्हणाले, “दो टाइम का खाना तो अपन रमजान में खातेच हैं, उसमें नवा क्या है?” बरोबर आहे. पण रमजानमध्ये आमच्यापैकी किती जणांचे वजन घटते? इफ्तारला भजी, समोसे, शरबत, मगरिबनंतर जेवण, तरावीहनंतर चहा आणि खारी, आणि सहेरीला दिवसभर आधार म्हणून दोन रोट्या जास्तीच्या. ईदला शेरवानीची बटणे लागत नाहीत, ती उगीच नाही.

त्या सरांचे वजन मात्र खरोखर उतरले, चार महिन्यांत नऊ किलो. आम्ही विचारले, काय खाता? सकाळी तीन अंडी, मोड आलेले मूग, काकडी. रात्री चिकनचे चार-पाच तुकडे, घट्ट डाळ आणि एक भाकरी. हे सगळे करते कोण? “घर में करते ना,” ते म्हणाले. मुगाला मोड आणणारी, अंडी सोलून देणारी ती घरातली बाई स्वतः काय खाते, हे आम्ही विचारले नाही. विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात ती बाई आम्हीच आहोत.

नऊ माणसांचे एकत्र कुटुंब. फजरनंतर काटवटीत पीठ पडते आणि आम्ही दोघी जावा मिळून वीस-बावीस भाकरी थापतो. दस्तरखान पसरला की आधी सासरे, दीर, मुलांचे अब्बा, मग मुले. आम्ही वाढणार. सगळे उठले की पातेल्याच्या तळाशी रस्सा राहतो. रस्सा चांगलाच असतो, गोश्तचा सगळा अर्क त्यात उतरलेला असतो असे सासूबाई म्हणतात. त्यात बोटी मात्र नसते. मग रस्सा आणि रोटी. रस्सा पुष्कळ, म्हणून रोटीही पुष्कळ. वर मुलांच्या ताटांत राहिलेला खाना, ‘फेंकना नई, गुनाह लगता’ म्हणून तोही आमच्याच पोटात. यात कुणी जुलूम करते असे नाही. ‘तुम बी लेव ना’ असे सगळेच म्हणतात, मनापासून म्हणतात. पण मोजून शिजवलेल्या सालनात त्या ‘तुम बी’ला जागा नसते.

आम्ही एक दिवस भाकरीचे पीठ काट्यावर तोलले. ८० ग्रॅम भरले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ७२ ग्रॅम कर्बोदके आणि १० ग्रॅम प्रथिने दिली आहेत. गव्हाच्या पिठात सुमारे ६९ आणि १२. म्हणजे ‘शुगरवाल्यांनी चपाती सोडावी आणि जवारीची रोटी हवी तेवढी खावी’ हे जे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते, त्यातले ‘हवी तेवढी’ काही खरे नाही. भाकरी भरड असते, पोटात जास्त वेळ टिकते, बेकरीच्या मैद्याच्या पावापेक्षा कितीतरी बरी. पण तीन भाकरी म्हणजे १७० ग्रॅमच्या वर कर्बोदके, आणि ती एका वेळची. हे फक्त आमच्याच घरचे चित्र नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत भारतीयांच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात असे दिसून आले.

अम्मीपुढे हा हिशेब मांडण्याची मात्र आमची हिंमत झाली नाही. १९७२ च्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. नानी खडी फोडायला जायची आणि घरी मिलो यायचा, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. तिची रोटी थापली की फाटायची, तव्यावर नीट उचलायची नाही, आणि गिळताना घशाला लागायची. “वो बी गिन को मिलती थी,” अम्मी सांगते. आजही तिच्या हातून तुकडा खाली पडला तर ती तो उचलते, ओठाला लावते, मग डोळ्याला. तिला कोणत्या तोंडाने सांगावे, की अम्मी, रोटी तुझी दुश्मन आहे?

शिवाय अम्मी जाड कधीच नव्हती. हडकुळीच म्हणा. “दुबले को शुगर कैसे हुई?” हा प्रश्न तिला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईने विचारलेला आहे. त्याचे उत्तर पुण्यात सापडते. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडची माणसे वरून बारीक दिसतात, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतली नवजात बाळे तपासली, तेव्हा ती कमी वजनाची असूनही असाच प्रकार दिसला. आईच्या पोटात असल्यापासून हे सुरू होते. आईच्या ताटात काय पडले, तिथे पुन्हा आपण येतो.

विज्ञानाच्या तासाला आम्ही हे घटक शिकवतो. कर्बोदकाला उर्दूत ‘नशास्ता’ म्हणतात आणि प्रथिनाला ‘लहमियात’ असाही शब्द आहे. लहम म्हणजे गोश्त. शब्दातच बोटी आहे. एकदा सातवीच्या वर्गात विचारले, काल घरी लहमियात काय खाल्ले? मुलांचे हात वर गेले. मुलींपैकी दोघींचे. एक म्हणाली, “बाई, शोरबा खाई.” शोरब्याला लहमियात म्हणावे की नाही, हे पाठ्यपुस्तकात दिलेले नाही.

रोटी कमी करायची तर तिच्या जागी काही यायला पाहिजे, आणि गरिबाच्या घरी ते येते कुठून? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्य दिले, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. पण ते गहू आणि तांदूळ. पोट भरले, ही लहान गोष्ट नाही, अम्मीला विचारा. पण सरकारी गोणीतून येतो तो सगळा नशास्ताच. चांगली मालदांडी ज्वारी बाजारातून आणावी तर बऱ्याचदा गव्हापेक्षा महाग पडते. शेळीच्या एका नामांकित जातीला आमच्या जिल्ह्याचे नाव आहे, उस्मानाबादी. तिचे मटण आम्ही ईद-बकरीदला आणि पाहुण्यांना करतो, आठवड्याच्या खर्चात ते बसत नाही. ‘बडे का’ हीच गरिबाची बोटी होती. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. म्हशीवर बंदी नाही, पण तालुक्याच्या गावात ते मिळणे, परवडणे आणि पिशवीत घेऊन घरी येताना धास्ती न वाटणे हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. शाळेच्या खिचडीबरोबर नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते. मुले त्या दिवशी हजर राहायची. जानेवारी २०२५ मध्ये आदेश निघाला की अंड्यासाठी सरकारी पैसा मिळणार नाही, लोकसहभागातून करा. आमच्या वस्तीत लोकसहभाग म्हणजे ज्यांची मुले त्यांचाच सहभाग. आणि शिवारात पाहावे तर जिकडे तिकडे सोयाबीन. १०० ग्रॅममध्ये ४० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असलेले ते पीक तेलाच्या कारखान्यात जाते आणि त्याची पेंड कोंबड्या खातात. आमच्या मुलींपेक्षा कोंबड्यांना लहमियात जास्त मिळते, हे आम्ही एकदा केंद्राच्या बैठकीत बोललो. लोक हसले.

तर आम्ही तीन रोट्यांची एक केली आणि सासूबाईंना सांगितले की आमच्यासाठी दोन अंडी लागतील किंवा दोन बोट्या. घरात शांतता झाली. “रोटी छोड़ को बोटी मंगती क्या गे?” त्या म्हणाल्या. “मायके में भूकी थी क्या?” हे बोलणे लागले. पण त्यांचाही इलाज नव्हता. त्यांनी ४५ वर्षे तळाचा रस्साच खाल्लेला. बाईने तोंडाने बोटी मागणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके आम्हाला कुठे ठाऊक? मुलांचे अब्बा मान खाली घालून जेवत राहिले. दुसऱ्या दिवशी ते गुपचूप ३० अंड्यांचा ट्रे घेऊन आले, आणि तो फ्रीजवर ठेवून काही न बोलता बाहेर निघून गेले.

एका माणसासाठी वेगळी अंडी म्हणजे एकत्र घरात रोज कुरबुर. म्हणून आम्ही दुसरे केले. सालन तयार झाले की पातेले दस्तरखानवर न्यायचेच नाही. स्वयंपाकघरातच नऊ वाट्या मांडायच्या आणि बोट्या असोत, अंडी असोत, डाळ असो, सगळ्या वाट्यांत सारखी घालायची. दीर म्हणाले, “ये तो हॉटेल हो गया.” सासरे काही बोलले नाहीत, वाटी पुढे ओढून जेवायला लागले. सासूबाई महिनाभर स्वतःच्या वाटीतली बोटी नातवाच्या वाटीत टाकत होत्या. आता अर्धी टाकतात.

हे सगळे स्वस्त नाही. महिन्याचा किराणा वाढला आहे. तो आमच्या पगारातून जातो, आणि पगार नसलेल्या बाईने हे कसे करावे, याचे उत्तर आमच्याजवळ नाही. शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, मटकी, हरभरे, उडदाचे घुटे ही या मातीतलीच खाणी आहेत. ती आम्ही पुन्हा चढवली. दावतीत अजून अडचण येते. दालचा-खाना समोर आला आणि थोडा घेतला, तर यजमानीण रुसते, “हमारा खाना पसंद नई आया क्या?” तिथे आम्ही वाद घालत नाही. दालचा जास्त घेतो, खाना कमी.

आठ महिन्यांत ७६ चे ७० झाले. साखर ५.८. अम्मीचा अंगठा आता भरत आला आहे, औषधाने आणि ड्रेसिंगने. तिला रोटी सोडायला आम्ही अजून सांगितलेले नाही. भाभीला मात्र सांगितले आहे, की अम्मीची रोटी आधी अर्धी मोडायची, तिच्यासमोर नव्हे, आतच, आणि डाळ घट्ट वाढायची. अम्मीच्या ते लक्षात आले आहे. ती बोलत नाही.

मागच्या आठवड्यात जाऊबाईला तपासायला नेले. तिचे वजन ४२ किलो. “मेरेकू क्या होता, मैं तो सूकी लकड़ी,” असे म्हणत वाटभर नाही नाही म्हणत होती. पंधरा वर्षे आम्ही दोघींनी एकाच पातेल्याच्या तळाशी बसून जेवण केले आहे, तीच रोटी, तोच रस्सा. आम्ही फुगलो, ती सुकली. रिपोर्ट सोमवारी मिळणार आहे.