राखणदाराची राखण

कोकणात आणि गोव्यात गावच्या सीमेवर राखणदाराचे स्थान असते. तो कोणाला दिसत नाही. परंतु रात्री-अपरात्री गावाची वाट सांभाळतो, चुकल्यामाकल्याला घरापर्यंत आणून सोडतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणून वर्षाकाठी त्याला नारळ, रोट किंवा कोंबडा देतात, आणि त्या देण्यालाच कोकणात ‘राखण देणे’ असे म्हणतात. जो आपली राखण करतो त्याचे देणे चुकवू नये, हा त्यातील साधा न्याय. ग्वाल्हेरीस पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आम्हा मराठी मंडळींचा तो राखणदार दूर राहिला. त्याच्या जागी वसाहतीच्या फाटकाशी हाडामांसाचा चौकीदार उभा आहे. त्याला थंडी वाजते, भूक लागते, झोप येते. त्याची राखण मात्र कोणाच्याच हिशेबात नसते.

चौकीदाराला भय कशाचे, असे विचारले तर कोणीही चोर-दरोडेखोरांचे नाव घेईल. ते भय खरेच आहे. पण शाळेच्या आणि आसपासच्या वसाहतींच्या चौकीदारांशी आमचे जे बोलणे होते, त्यावरून आम्हांस असे दिसते की चोर क्वचित येतो, थंडी मात्र दर वर्षी येते. पौष-माघातील ग्वाल्हेरची रात्र कशी असते हे येथील वाचकांना सांगावयास नको. फाटकाजवळ पत्र्याची एवढीशी खोली. पहाटेच्या सुमारास तिचा पत्रा हात लावू देत नाही. मग चौकीदार कोळशाची शेगडी आत घेतो आणि दार लावून बसतो.

आमच्या परिसरातील एका वसाहतीत अशीच एक रात्र ओढवली. पहाटे दूधवाल्याने हाक मारली, ओ मिळाली नाही. त्याने दार ढकलले, तो चौकीदार खुर्चीतच मान टाकून पडलेला. चार जणांनी उचलून त्याला मोकळ्या हवेत आणले, रुग्णालयात प्राणवायू दिला गेला, आणि तो वाचला. पुढे भेटला तेव्हा आम्हांस म्हणाला, “गुरुजी, धूर मुळीच नव्हता. निखारे चांगले फुलल्यावरच शेगडी आत घेतली होती. डोके जड झाले. मला वाटले, झोप येते आहे.”

सारा घात या समजुतीत आहे. धूर नाही म्हणजे धोका नाही, असे आपल्या घरांतूनही मानले जाते. परंतु लालबुंद निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट जडतो. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू पोचत नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. रात्रभर जागणाऱ्या माणसाला ही गुंगी नेहमीच्या झोपेसारखीच वाटणार. मग तो उठून दार कशाला उघडील?

त्या वसाहतीच्या सभेत एका सभासदांनी प्रश्न केला, “दार लावून शेगडी पेटवायला त्याला सांगितले कोणी होते?” प्रश्न बिनतोड वाटतो, पण दार उघडे ठेवले तर थंडी आणि लावले तर वायू, असे दोनच मार्ग ज्याच्यापुढे ठेवले, त्याच्याच माथी निवडीचा दोष मारणे न्याय्य नव्हे. सुदैवाने सभेने शेवटी हे मानले. खोलीला समोरासमोर दोन झरोके पाडले, विजेचा हीटर बसवला, जाड कोट आणि कांबळे दिले. बारा तासांची पाळी मात्र तशीच राहिली, कारण आणखी एका माणसाच्या पगाराचा प्रश्न आला.

ही पाळीही साधी गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीच्या कामाची गणना कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींत केली आहे. रात्रीचे जागरण दिवसा झोपून भरून निघते, हा समज त्यामुळे तपासून पाहण्यासारखा आहे.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. महाराष्ट्रात १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्यांची नोंदणी, वेतन व कल्याण पाहणारी मंडळे स्थापन झाली. २००५ च्या केंद्रीय कायद्याने सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थांना परवाना आणि रक्षकांना प्रशिक्षण आवश्यक केले. २००६ च्या नमुना नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, असे हे शिक्षण सांगितले असून त्यात अग्निशमन आणि प्रथमोपचारही येतात. पण गावाकडून आलेला पुतण्या काकाच्या ओळखीने दुसऱ्याच दिवशी गणवेश चढवून फाटकावर उभा राहतो, त्याच्या वाट्याला हे १६० तास येतात कोठे? त्याला शिट्टी आणि लाठी मिळते. संकटात फोन कोणाला करायचा, हेही कोणी सांगत नाही.

आमचे मागणे मोठे नाही. दिवाळी सरली की प्रत्येक वसाहतीच्या मंडळींनी एकदा चौकीदाराच्या खोलीत पाच मिनिटे दार लावून बसून पाहावे. हवा येण्यास वाट आहे का, हीटरची तार धड आहे का, स्वच्छतागृह किती दूर आहे, रात्री हाक मारली तर ओ देईल असा माणूस कोण, हे विचारावे. निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत न्यायची नाही, हे त्याला सांगावे. परंतु ते सांगताना हातात कांबळे असावे. रिकाम्या हातांनी दिलेला उपदेश थंडीत टिकत नाही, हे शाळेत आयुष्य घालवलेल्या आम्हांस चांगले ठाऊक आहे.